दोन मुठी मीठ

आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. दत्तजयंतीच्या भंडाऱ्यासाठी चिरून ठेवलेल्या गाजराच्या कोशिंबिरीत सकाळी नऊ वाजता दोन मुठी मीठ मी टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. आणि दुपारी, कोणी हात लावला होता का, असं मला सरळ विचारलं गेलं तेव्हा मी नाही म्हणालो. मिठाची चूक अज्ञानातून झाली होती. नाही म्हणण्याला तसं काही कारण देता येत नाही.

एवढ्याशा गोष्टीचं बावीस वर्षं काय घेऊन बसलात, असं माझी बायको म्हणते. तिला मी हे सगळं गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा सांगितलं. तिचंही बरोबर आहे. कोणी आजारी पडलं नाही, कोणाचं घर बुडालं नाही. पण ज्यांना मी नाही म्हणालो, त्यांना तिनं पाहिलेलं नाही.

ते माझे घरमालक; सगळं गावही त्यांना मालकच म्हणायचं. सेनगाव तालुक्यात गोरेगावच्या बाजारापासून चालत पाऊण तासावर एक गाव आहे, तिथल्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. गावात राहायला एकच खोली रिकामी होती आणि ती रिकामी का होती हे मला पहिल्या संध्याकाळीच कळलं. मालकांनी दार उघडून दिलं, किल्ली मात्र हातातच ठेवली.

"मास्तर, तीन अटी हायेत. खोलीत वल राहू द्यायची न्हाई. माठाची तोटी ठिबकती सोडायची न्हाई. आन् सांजच्याला ताटात कायतरी कच्चं पायजे. ह्या तिसऱ्या अटीपायी चार भाडेकरू पळाले. तुमी सांगा."

मी हो म्हटलं. चोवीस वर्षांचा होतो, हाताला चव नव्हती, आणि कोणी आयतं ताट देत असेल तर कच्चं काय आणि शिजलेलं काय.

मालक पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं, कुठं पाट फुटला तर शिट्टी वाजवून माणसं गोळा करायची, असं त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होताना ती पितळी शिट्टी ते घेऊन आले. ती कायम गळ्यात असायची, अगदी आंघोळीलाही. आडावर कोणी बादली सांडली की शिट्टी. माझी तोटी ठिबकली की शिट्टी. आणि जेवण तयार झालं की तीन वेळा शिट्टी, त्यातली तिसरी लांब. मालकीण माझ्या येण्याच्या बऱ्याच आधी वारल्या होत्या, मुलगी सासरी वाशिमकडं. म्हणजे त्या घरात जेवणाऱ्या दोनच माणसांसाठी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी शिट्टी वाजायची. शाळेतल्या पोरांनी मला "शिट्टीवाले गुरुजी" म्हणायला सुरुवात केली ती यामुळंच.

कच्च्याचं वेड त्यांना उगीच लागलेलं नव्हतं. तरुणपणी त्यांना सांज झाली की दिसेनासं व्हायचं. खात्याला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून लपवून ठेवलं होतं. एकदा तिन्हीसांजेला कालव्याच्या काठानं येताना पाय चुकला आणि पाण्यात गेले. एका शेतकऱ्यानं पागोट्यानं ओढून काढलं. धरणाच्या वसाहतीत दवाखाना होता, तिथल्या नर्सबाईंनी औषध दिलं आणि वर बजावलं की गाजर खा, पाला खा, आणि त्यासोबत थोडं तेलकट काहीतरी खा, नाहीतर अंगी लागत नाही. वर्षाच्या आत दृष्टी सुधारली. औषधानं किती आणि गाजरानं किती, हे मी विज्ञान शिकवणारा माणूस असूनही सांगू शकत नाही. मालकांना मात्र शंका नव्हती. "सांज झाली का माझं जग बंद व्हायचं मास्तर. गाजरानं दार उघडलं," असं ते म्हणायचे.

म्हणून रोज दिवेलागणीच्या आधी माझी परीक्षा असायची. अंगणाच्या पलीकडच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. ओसरीवर उभं राहून आजची तिथी वाचायची. बरोबर वाचली तर कोशिंबीर एक वाटी, चुकली तर दोन. पहिल्या महिन्यात मी मुद्दाम चुकायचो नाही. नंतर नंतर चुकायला लागलो.

कारण ती कोशिंबीर खरोखर चांगली असायची, आणि ती करण्याची त्यांची रीत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. गाजरं घरच्या वाफ्यातली, देशी. काही लालभडक, काही जांभळट काळी, एखाददुसरं पिवळं. हे बेणं त्यांनी वीस-पंचवीस वर्षं जपलं होतं. दर हिवाळ्यात सगळ्यांत चांगली गाजरं खायची नाहीत, पाल्याकडचा अर्धा भाग कापून पुन्हा मातीत लावायचा, त्यांना फुलं येऊ द्यायची आणि बी धरायचं. ते बी पत्र्याच्या डब्यात, डबा देवळीत, देवांच्या शेजारी.

सकाळी उपटलेली गाजरं तीन पाण्यांनी धुवायची आणि जुन्या धोतरावर सावलीत पसरायची. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय विळीला लावायची नाहीत. किसणी घरात नव्हतीच. "किसणी गाजराला रडवती," म्हणायचे. विळीवर काड्यापेटीतल्या काडीएवढ्या बारीक सळ्या करायच्या. काळी गाजरं वेगळी चिरायची आणि अगदी शेवटी मिसळायची, नाहीतर त्यांचा रंग सगळ्यांना लागतो. मग पाला. कोथिंबीर, कांद्याची पात, मेथीची चार कोवळी पानं, आणि हरभऱ्याचे शेंडे, ज्यांच्यावर आंब असते आणि जिभेला हलकी आंबट-खारट चव लागते. पाला विळीवर चिरायचा नाही, हातानं तोडायचा. वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट आणि भाजलेले तीळ. फोडणी नाही. कुटावाचून गाजर म्हणजे तिकिटावाचून टपाल, पोचत नाही, हे त्यांचं वाक्य. आणि लिंबू अन् मीठ प्रत्येकानं आपापल्या ताटात, घास घेण्याच्या वेळी.

ताटात लाल, जांभळं, पिवळं, हिरवं असं सगळं एकदम यायचं आणि दातांखाली कुरकुर वाजायचं. आमच्या भागात कच्च्या पातीचा, मेथीचा कालवलेला घोळाणा सगळ्यांनाच माहीत, पण हे वेगळंच होतं.

ते मीठ ताटातच का, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, इतक्या लहरी आहेत, त्यातली ही एक. शिकवण्याचा धंदा करणाऱ्या माणसानं न विचारणं ही माझी पहिली चूक.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी कनेरगाव नाक्याचा. वडिलांचा हिंगोली-वाशिम रस्त्यावर धाबा होता. मला कळायला लागल्यापासून मी कांदा चिरत आलो आहे. धाब्यावर कांदा चिरला की त्याला ताबडतोब मीठ लावून हातानं चोळायचं, म्हणजे उग्रपणा जातो आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. चिरलेलं काहीही समोर दिसलं की माझा हात मिठाकडं जातो. वडील म्हणायचे, अळणी वाढणं म्हणजे पाहुण्याला अर्धं वाढणं.

गावात दत्तजयंतीला भंडारा व्हायचा. वरण, बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी. भंडाऱ्याचा कारभार तात्या नावाचे एक गृहस्थ बघायचे. मालक दर वर्षी तात्यांकडं एकच मागणी घेऊन जायचे, की पानाच्या डाव्या बाजूला एक चिमूट गाजराची कोशिंबीर वाढू द्या. पान डावीकडं मोकळं पडलेलं त्यांना बघवत नसे. तात्या दर वर्षी हसायचे.

"बैलाचं खानं मानसाच्या पानात काहून?"

"बैल तुमच्याहून जास्त वढतो, तात्या," मालक म्हणायचे, आणि दोघं पुढच्या वर्षापर्यंत बोलायचे नाहीत.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात तात्यांनी हो म्हटलं. का म्हटलं ते कळलं नाही, बहुधा कंटाळून. मालकांनी तीन वाफे जास्तीचे लावले. रोज सकाळी वाकून पानं बघायचे, आणि भंडाऱ्याला गाजरं चांगली जाड व्हावीत म्हणून एक पाणी नेहमीपेक्षा जास्त दिलं. हे जास्तीचं पाणी लक्षात ठेवा.

भंडाऱ्याच्या दिवशी पहाटेपासून शाळेच्या ओसरीवर आम्ही तिघं चिरायला बसलो. मालक, मी आणि शेजारच्या मावशी. मावशींच्या घरी मेंढरं आणि शेळ्या. बोलणं कमी आणि विळीवर हात असा, की आमची दोघांची मिळून जेवढी गाजरं व्हायची तेवढी त्यांची एकटीची. नऊ वाजेपर्यंत दोन मोठ्या पराती भरल्या. मी आयुष्यात अन्नाचा इतका सुंदर ढीग पाहिलेला नव्हता. तेवढ्यात देवळातून निरोप आला की यंदा आरतीचा मान मालकांना आहे. ते इतके गडबडले की धोतर बदलायला निघाले आणि शिट्टी काढून माझ्या हातात दिली. देवापुढं शिट्टी बरी दिसत नाही, म्हणाले.

"मास्तर, पराती तुमच्या हवाली. झाकून ठेवा. पंगत बसली का म्या येतोच."

मावशी शेळ्या सोडायला गेल्या. मी एकटा उरलो. एक चिमूट तोंडात टाकली. अळणी. घरी ताटात मीठ असतं, इथं तीनशे माणसं बसणार, कोण मीठ मागून घेणार? तात्या तोंड वाकडं करतील आणि म्हणतील, बघा, बैलाचंच खाणं. मला त्या माणसाची फजिती नको होती. आचाऱ्यांकडून जाडं मीठ आणलं, एका परातीत एक मूठ, दुसरीत एक मूठ, आणि दोन्ही हातांनी, धाब्यावर चोळायचो तसं, छान चोळलं. पुन्हा चव घेतली. उत्तम लागली. वर ओलं फडकं झाकलं आणि मी खूश होऊन बसलो.

बारा-साडेबाराला पहिली पंगत बसली. वाढपी पराती उचलून घेऊन गेले. मालक देवळातून येईतो डाव्या बाजूला कोशिंबीर वाढून झाली होती. मी वाढप्यांच्या मागं होतो, म्हणून मला आधी दिसलं. गाजरं लोळागोळा झाली होती. पाला काळा पडला होता. कूट भिजून चिखल झाला होता आणि परातीत तळाला तांबडं पाणी हिंदकळत होतं. ते पाणी पत्रावळींवरून वाहत वरणात, बट्टीवर, बुंदीपर्यंत गेलं. काही पत्रावळींखालून सतरंजीवर उतरलं. लोक पाय आखडून घ्यायला लागले.

तात्या ओरडले नाहीत. त्यांनी फक्त एक वाक्य म्हटलं.

"मालकानं पंगतीत कालवा फोडला."

तीनशे माणसं हसली. ज्या माणसानं तीस वर्षं कालव्याचं पाणी वाट सोडून जाऊ दिलं नाही, त्याला यापेक्षा वाईट काही म्हणता आलं नसतं. मालक परातीकडं बघत उभे राहिले. मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "मास्तर, कोनी हात लावला व्हता का?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या हातांना अजून मिठाचा चरचरीतपणा होता. पण समोर माझ्या वर्गातली पोरं बसली होती, त्यांचे आईबाप बसले होते. मी नाही म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी चव घेऊनसुद्धा पाहिली नाही. शेवटची पंगत उठल्याशिवाय ते जेवत नसत, आणि तोवर मावशींनी दोन्ही पराती उचलून शेळ्यांपुढं ठेवल्या होत्या.

संध्याकाळी मालक वाफ्यात गेले आणि उरलेली सगळी गाजरं उपटली, बेण्यासाठी राखलेलीसुद्धा. "म्या पानी जास्त दिलं. बेनंबी बिघडलं आसंल. कालव्याच्या मानसाला पान्याचा अंदाज आला न्हाई," एवढंच बोलले. देवळीतला डबा काढून फेकायला निघाले तर मावशी म्हणाल्या, शेरडाला टाकते, द्या इकडं. त्यांनी देऊन टाकला. शिट्टी मी परत केली. ती त्यांनी खुंटीला लावली.

त्यानंतर मी त्या घरात पाच महिने राहिलो. ताटात शिजवलेली भाजी यायची. कोणी तिथी वाचायला सांगत नव्हतं. माझी तोटी मी मुद्दाम ठिबकती ठेवून पाहिली. त्यांनी येऊन मुकाट्यानं बंद केली. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज तिन्हीसांज उलटून जायची. मग माझी बदली औंढ्याकडं झाली. निघताना त्यांच्या पाया पडलो, तेव्हाही बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीनं मोबाइलवर बघून गाजराचं सॅलड केलं. तिला रंगांची हौस. लाल गाजर, हिरवी कोथिंबीर, पुदिना. दुपारी करून ठेवलं आणि रात्री जेवायला बसलो तर वाडग्यात पाणीच पाणी. तिचा चेहरा पडला. मी म्हणालो, मीठ शेवटी घालायचं असतं, मिठानं गाजर पाणी सोडतं. तिनं विचारलं, बाबा, तुम्हाला कसं माहीत? त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं आणि दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी गोरेगावची जीप पकडली. मालक असतील की नाही हेही माहीत नव्हतं. वाटेत बाजूच्या माणसाला विचारायची हिंमत झाली नाही.

ते अंगणात खाटेवर बसले होते. ऐंशी ओलांडलेले, वाळलेले, पण बसणं तसंच ताठ. मी नाव सांगायच्या आत त्यांनी पलीकडच्या भिंतीकडं बोट केलं.

"तिथी वाचा."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाचता येईना.

"चतुर्दशी," ते म्हणाले. "कच्चं खात न्हाई वाटतं मास्तर."

मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. कुठलीही प्रस्तावना न करता, की त्या दिवशी मीठ मी घातलं होतं आणि तुम्ही विचारल्यावर खोटं बोललो. सांगताना मी जमिनीकडं बघत होतो. ते चिडतील, गप्प होतील, उठून जा म्हणतील, या सगळ्याची तयारी करून आलो होतो. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"किती टाकलं?"

"दोन मुठी."

"बारीक का जाडं?"

"जाडं."

"किती वाजता?"

"नऊ, सव्वानऊ."

"चोळलं?"

"चोळलं."

"वर वलं फडकं?"

"हो."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. वर्षानुवर्षं अंगावर असलेलं ओझं कोणी खाली उतरवून घ्यावं, तसा तो माणूस खाटेवर मागं टेकला.

"म्हंजे गाजराचं काई चुकलं न्हवतं," ते म्हणाले. "पान्याचा अंदाज बराबर व्हता माझा."

आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता त्यांनी खुंटीकडं हात केला. मी शिट्टी काढून दिली. पितळेवर हिरवा थर चढला होता. सदऱ्याला पुसून त्यांनी ती तोंडात धरली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा वाजली. तिसरी लांब.

शिट्टी ऐकून शेजारून मावशी आल्या. त्याही म्हाताऱ्या झाल्या होत्या, पाठीत वाकलेल्या. मालकांनी त्यांना मोठ्यानं सांगितलं की मीठ मास्तरनं टाकलं होतं. मावशींना काहीच नवल वाटलं नाही.

"मला ठावं हाय. शेरडं परात चाटून राहिले व्हते. खारट असल्याबिगर शेरडू रिकामी परात कशाला चाटंल?"

"मंग सांगितलं काहून न्हाई?" मालक.

"मास्तर सांगतील म्हनलं. मास्तर हायेत ना." माझ्याकडं बघून त्या पुढं म्हणाल्या, "उशीर लावला जरा."

त्याच मावशींनी पुढं जे सांगितलं ते ऐकून मात्र मी जागेवरून उठलो. तो डबा त्यांनी शेळ्यांपुढं रिकामा केलाच नव्हता. शेळ्यांना गाजराचा पाला आवडतो म्हणून बी बांधाला टाकलं, चांगलं आलं, आणि चांगली गाजरं पुन्हा मातीत लावायची हे त्या मालकांचं बघून बघून शिकल्या होत्या. बावीस हिवाळे ते बेणं शेळ्यांसाठी चालू होतं. मालकांच्या अंगणापासून शंभर पावलांवर. मालकांना माहीत होतं की मावशी गाजर लावतात. पण बिघडलेलं बेणं म्हणून त्या बांधाकडं ते कधी फिरकले नव्हते.

आम्ही तिघं गेलो. लाल, जांभळी, पिवळी. मालकांनी एक उपटलं, धोतराला पुसलं, दातांनी तोडलं आणि डोळे मिटून चावत राहिले. कुरकुर मलाही ऐकू आली.

तिथंच मी म्हणालो, "मालक, मला तुमची माफी..." त्यांनी हात वर करून थांबवलं.

"आन्नाची चूक हाय. आन्न वाढून माफी मागायची. उद्या भंडारा हाय. पयल्या पंगतीपुरतं गाजर व्हतंय. मीठ तुमी वाढायचं."

रात्री मी त्याच खोलीत झोपलो. तोटी दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा तिघं चिरायला बसलो. मावशींचा हात मंद झाला होता, तरी आमच्या दोघांहून पुढं. या वेळी धोतरावर वाळवण्यापासून हरभऱ्याचे शेंडे तोडण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट मी विचारून केली. परात कोरड्या फडक्यानं झाकली आणि मालक स्वतः तिच्याजवळ बसून राहिले, आरतीलाही गेले नाहीत. तात्या काठी टेकत आले. फडकं वर करून पाहिलं.

"यंदा पोहायला लागंल का, मालक?"

"पाय वर घेऊन बसा, तात्या," मालक म्हणाले.

पंगत बसली. कारभार आता तात्यांच्या पोराकडं, त्यानं काही हरकत घेतली नाही. मालकांनी शिट्टी वाजवली आणि कोशिंबीर वाढायला सुरुवात झाली. कोरडी, टवटवीत, पानाच्या डाव्या बाजूला रंगांची एक मूठ. पाणी नाही. मागोमाग मी. माझ्या हातात मिठाचं ताट. प्रत्येक पानावर वाकायचं, एक चिमूट ठेवायची, पुढं सरकायचं. बहुतेकांना ती जुनी गोष्ट आठवतही नसणार. निम्मी माणसं तेव्हा पाळण्यात होती. तरुण पोरं गाजर चावत होती आणि अजून वाढा म्हणत होती. एक बाई शेजारणीला विचारत होती की हा हिरवा पाला कशाचा. मला वाटलं होतं त्या ओळीतून जाताना मान वर करता येणार नाही. पण प्रत्येक चिमटीबरोबर अंग हलकं होत गेलं.

ओळीच्या शेवटी मालक बसले होते. कधी नव्हे ते पहिल्या पंगतीत, आणि शेजारी तात्या. मी गुडघे टेकले, मालकांच्या पानावर मीठ ठेवलं आणि तात्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "मालक, त्या साली मीठ मी टाकलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो, आणि तुमची गाजरं चांगली असताना तुम्हाला लोकांची बोलणी खाऊ दिली. चुकलं माझं. मला माफ करा."